त्या परत आलेल्या पोराचं काय झालं

सोमवार, 28 नोव्हेंबर 2022. लिंकन, नेब्रास्का.

आज आईशी खोटं बोललो, आणि तेही इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या एका कोचवरून. बावन्न वर्षांच्या बाप्याला हे शोभत नाही, म्हणून झोपण्याआधी लिहून काढतोय.

रात्री आठला फोन लावला. तिकडे मंगळवार सकाळचे साडेसात, मागे कुकरची शिट्टी. गुडघा झाला, द्राक्षांवरचा डाऊनी रोग झाला, दादाचा ट्रॅक्टर पुन्हा गॅरेजला गेलाय तेही झालं. आता ठेवते म्हणत म्हणत तिनं विचारलं, "आणि रे, तो परत आलेला पोरगा? त्याचं कसं चाललंय?"

मी म्हणालो, "बरं चाललंय."

तो पोरगा म्हणजे आमचा कोच स्कॉट फ्रॉस्ट. त्याला काढून अकरा आठवडे झालेत. आज दुपारीच ऑफिसात डबा उघडून, एक कान दाराकडे ठेवून मी नव्या माणसाची पत्रकार परिषद अख्खी बघितली. मॅट रूल. आठ वर्षांचा करार, 74 मिलियन डॉलर. शेवगा-बटाटा थंड झाला तरी बघत होतो. आणि संध्याकाळी म्हणे, बरं चाललंय.

आईला या खेळातलं काही कळत नाही. 2011 साली आली होती तेव्हा एका शनिवारी तिला स्टेडियममध्ये नेलं. ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसं, सगळी लाल. पहिला स्कोअर झाला तसे हजारो लाल फुगे आभाळात गेले. तेवढ्यावर ती खूश. खेळाबद्दल एकच शेरा: "ही कबड्डीच आहे की, नुसता चेंडू जास्तीचा." (यंदा फुगेही नव्हते. हेलियम महाग झालाय म्हणे, मिळतही नाही. एकेक काय काय गेलं बघा.)

पण स्कॉट फ्रॉस्ट मात्र तिच्या लक्षात राहिला, नावानं नाही, परत आलेला पोरगा म्हणून. चूक माझीच. डिसेंबर 2017 मध्ये मीच तिला उत्साहानं सांगितलं होतं. इथून शे-सव्वाशे मैलांवर वुड रिव्हर नावाचं गाव आहे, तिथं वाढलेला मुलगा. आई-वडील दोघंही त्याचे कोच. आई तर 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकला थाळीफेकीत उतरलेली. पोरगा आधी घर सोडून लांब स्टॅनफर्डला गेला, मग नेब्रास्काकडून खेळायला परत आला. परत आल्यावर इथल्याच लोकांनी 1997 मध्ये भर मैदानात त्याची हुर्यो उडवली, सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात. त्याच मोसमाच्या शेवटी त्यानं टेनेसीला 42-17 हरवून तेव्हाचे कोच टॉम ऑस्बर्न यांना जाता जाता राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पुढं कोच झाला तो कुठं, तर त्याच सेंट्रल फ्लोरिडात. 2017 च्या मोसमात एकही सामना हरला नाही. तेव्हा त्याला कुठंही जाता आलं असतं. तो घरी आला.

एवढं सगळं ऐकून आई म्हणाली, "बघ."

एवढंच. बघ. पाच वर्षं झाली, हा शब्द अजून माझ्या कानात बसलाय.

तिनं तो साधेपणानं म्हटला असेल. बायका म्हणतात तसं, बघ, किती छान. असेलही. पण मला तो तसा ऐकू आला नाही, कारण पुढच्याच मे महिन्यात दादाचा फोन आला होता. तालुक्याच्या कॉलेजात प्राचार्यांची जागा निघाली होती आणि संस्थेचे चेअरमन म्हणाले होते, आपला माणूस पाहिजे. आपला म्हणजे मी. मी ऑगस्टपर्यंत घोळ घातला, मग मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे असं कळवलं. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष खरंच होतं. बाकीचं नको आता.

तर तेव्हापासून आई दर दोन-तीन महिन्यांनी त्या पोराची चौकशी करते. मी सांगत गेलो. काय सांगत गेलो ते आज आठवायला बसलो तर लाज वाटली. 2018 मध्ये त्याचा पहिलाच सामना विजांमुळे सुरू होताच रद्द झाला. लोक आधीपासून येऊन बसलेले, पावसात भिजून घरी गेले. आपल्याकडे याला अपशकुन म्हटलं असतं आणि चार जणांनी गुरव गाठला असता. मी आईला सांगितलं, पावसानं घोटाळा केला. मग ओळीनं सहा सामने हरला. सांगितलं, सुरुवात आहे. 2021 मध्ये बारापैकी नऊ हरला आणि नऊच्या नऊ आठ-नऊ गुणांच्या आत. वर्षभरात आम्ही खाल्लेल्यापेक्षा केलेले गुण जास्त, आणि तरी नऊ हार! असा विक्रम कुणी मुद्दाम करायचा म्हटलं तरी जमणार नाही. सांगितलं, थोडक्यात जातं गं, नशीब नाही. हे मात्र खरं होतं. तरी खोटंच होतं. माणूस सारखा थोडक्यात हरायला लागला की त्याला नशीब म्हणत नाहीत, हे आईला शेतीमुळं माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

शेवट डब्लिनमध्ये सुरू झाला. ऑगस्टअखेर, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. आम्ही अकरा गुणांनी पुढे आणि या गृहस्थानं ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे मुद्दाम आखूड किक मारून चेंडू पुन्हा आपल्याकडेच घ्यायचा, मागे पडलेल्यांनी खेळायचा जुगार. पुढे असताना! शेजारचे आजोबा माझ्या सोफ्यावर बसले होते, त्यांनी हातातला सिनॅमन रोल परत ताटलीत ठेवला. खाली नाही टाकला, नीट ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातल्या मुलानं पुन्हा उधारी करून ठेवली हे कळल्यावर बाप जसा गप्प होतो, तसे गप्प झाले. 31-28 हरलो. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्ननं घरच्या मैदानावर 45-42 हरवलं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, 11 सप्टेंबरला विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्सनी त्याला काढलं. 16 विजय, 31 पराभव.

यातली खरी गोष्ट पैशांची आहे, आणि ती मला गेले अकरा आठवडे चावतेय. 1 ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर करार मोडल्याचे साडेसात मिलियन द्यावे लागले असते. त्याआधी काढलं म्हणून पंधरा. वीस दिवस. वीस दिवस कळ काढली असती तर साडेसात मिलियन वाचत होते आणि गावाला तेवढंही धरवलं नाही. परक्या माणसाला कोणी असं काढत नाही. परक्याच्या बाबतीत हिशेब करतात. ज्याच्यावर जीव लावला त्यालाच असं पैसे फेकून घराबाहेर काढतात, आत्ताच्या आत्ता, तोंड दाखवू नको.

हे लिहिताना मघापासून माझाच गळा भरून येतोय, ते कशासाठी हे मलाही कळतंय.

तर खोटं का बोललो. पहिलं कारण सुचलं ते असं: आईला वाईट वाटेल. हे काही खरं नाही. आईनं याहून वाईट ऐकलंय आणि संध्याकाळी भाकरी थापलीये. दुसरं: परत आलेल्याचं बरं झालं नाही हे सांगितलं की मी तिला म्हणतोय असं होईल, बघ, मी आलो नाही तेच बरं केलं. तिच्याच शब्दाची परतफेड. ते मला नको होतं. पण तेही पुरतं खरं नाही. सप्टेंबरात त्याला काढल्याची बातमी फोनवर वाचली तेव्हा गाडी पेट्रोल पंपावर उभी होती, आणि पहिल्या क्षणाला मला, कसं लिहू, सुटल्यासारखं वाटलं. छातीवरून कुणी हात काढल्यासारखं. एका माणसाचं आयुष्यातलं मोठं स्वप्न मोडलं होतं आणि मी पंप हातात धरून हलका झालो होतो. ते आईला माझ्या आवाजात ऐकू आलं असतं. तिला येतं.

तिथं कॉलेजात लातूरकडचे कोणी सर आले. चांगलं चाललंय म्हणे. मुलं त्यांना वचकून असतात, चेअरमनही. दादा एकदा म्हणाला, बाहेरच्या माणसाचं एक बरं असतं, त्याला कुणाच्या लग्नाला जावं लागत नाही.

नवा माणूस तसाच आहे, बाहेरचा. हायस्कूल पेनसिल्व्हेनियात झालं, पेन स्टेटला खेळला. कोच म्हणून टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी 2 जिंकले 10 हरले, तिसऱ्या वर्षी 10 जिंकले. बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी एकच विजय, अकरा पराभव, तिसऱ्या वर्षी 11 विजय. मग कॅरोलायना पँथर्सकडे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला, तिथं काही जमलं नाही, गेल्याच महिन्यात नारळ मिळाला. म्हणजे तोही काढलेलाच. पण त्याच्याकडे बघताना कुणाच्या पोटात कालवाकालव होत नाही. आज दुपारी तो बोलत होता आणि मी चक्क टिपणं काढत होतो, एखाद्या उमेदवाराची मुलाखत घ्यावी तशी. फ्रॉस्टच्या वेळी मी डोळे पुसले होते. (अंतरिम कोच मिकी जोसेफनं शुक्रवारी आयोवाला 24-17 हरवलं, 2014 नंतर पहिल्यांदा. तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक, मैदानात खेळ चालवणारा गडी. शनिवारी सकाळी रूलचं नाव जाहीर. यावर काय बोलावं.)

मी 1998 च्या ऑगस्टात आलो. ऑस्बर्न त्याच्या काही महिने आधी निवृत्त झालेले, त्यामुळे तो सुवर्णकाळ मला कीर्तनातल्या रामराज्यासारखा फक्त ऐकून ठाऊक. मी बघितली ती उतरण. 2003 मध्ये नऊ सामने जिंकलेल्या कोच सॉलिचला काढलं, नऊ म्हणजे कमी पडले म्हणून. तिथून ही साडेसाती लागली. साडेसाती साडेसात वर्षांत उतरते म्हणतात, ही एकोणीस वर्षं चालू आहे. एकामागून एक कोच: कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट. आणि तरी 1962 पासून स्टेडियमची सगळी तिकिटं खपतात. खुळ्यांचा बाजार आहे हा, आणि मी त्यात वर्गणी भरून उभा.

रात्री साडेदहा.

राहवलं नाही. पुन्हा फोन केला. तिकडे दहा वाजलेले, ती मेथी निवडत होती.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. तो पोरगा. त्याला काढला."

"कधी?"

"सप्टेंबरात."

"मग मघाशी?"

"विसरलो."

हे रात्रीतलं दुसरं खोटं. तिनं ते मेथीच्या देठांबरोबर बाजूला टाकलं असावं. मग म्हणाली, "त्याच्या आईला कुणी सांगितलं?"

"टीव्हीवरच येतं गं सगळं."

"म्हणजे कुणी नाही सांगितलं."

यावर मला उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, पैसे बुडवले का त्याचे. म्हटलं, नाही, पंधरा मिलियन द्यायचेत. रुपयांत सांग म्हणाली. म्हटलं, सव्वाशे कोटीच्या घरात.

"काम केल्याचे?"

"नाही. काम न करण्याचे."

फोनवर इतकी शांतता झाली की मला वाटलं रेंज गेली. मग ती हसायला लागली. पदराआड दाबून हसते तशी नाही, मोकळी, खोकला येईपर्यंत. "आणि तू आवाज एवढा पाडलायस व्हय? मला वाटलं इथलं कोणी गेलं! सव्वाशे कोटी! तू कशाला रे मास्तर झालास?"

मलाही हसू आलं. काय करणार. पाच वर्षं मी ज्याचं ओझं वाहत होतो तो सव्वाशे कोटी घेऊन बसलाय.

"आता कोण आणलाय?"

"रूल म्हणून आहे. बाहेरचा."

"रूल म्हणजे नियम?"

"आडनाव आहे गं."

"असू दे. मुलगा नाही धरला, म्हणून जावई केला म्हणायचं. बरं केलं. जावयाला कुणी तोंडावर बोलत नाही."

"आठ वर्षांचा करार आहे."

"मग घरजावई."

म्हटलं, पण हा पहिल्या वर्षी हरतो, जाईल तिथं हरतो, तिसऱ्या वर्षाला वर येतो. लोक थांबतील का माहीत नाही. तर म्हणाली, "पुढच्या साली अधिक श्रावण आहे. तेहेतीस अनारशांचं वाण द्या म्हणावं त्याला, आणि गप्प बसा."

उद्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारच्या आजोबांना हे सांगायचं आहे. अनारसा म्हणजे काय ते कसं सांगावं याचा विचार करतोय. सिनॅमन रोलपासून सुरुवात करावी लागेल.