तबकडीच्या काठावरची ओळ

इटलीत छापलेली गाण्याची जुनी, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी हातात घेतली, की गायकाचे आणि गाण्याचे नाव वाचून झाल्यावर माझी नजर मधल्या कागदी चकतीच्या कडेने गोल फिरणाऱ्या बारीक अक्षरांच्या ओळीकडे जाते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या निर्मात्याचे आणि मुद्रित झालेल्या कृतीच्या मालकाचे सर्व हक्क राखीव आहेत, अशा अर्थाची ती ओळ असते. अनेक वर्षे मी ती सरकारी सूचना असल्यासारखी न वाचताच सोडून देत होतो. पुढे लक्षात आले, की त्या ओळीत दोन वेगवेगळ्या माणसांचा उल्लेख आहे. गाणे रचणारा एक, आणि ते गाणे तबकडीवर उतरवण्यासाठी पैसा घालणारा दुसरा. या दुसऱ्या माणसाला कायद्यात स्वतःची जागा कशी मिळाली, आणि ती टिकवण्यासाठी इटलीतील लहान निर्मात्यांनी कोणती संघटना उभारली, याचा शोध घेण्याचे निमित्त ती ओळच ठरली.

रचनाकारांची गोष्ट पुष्कळ आधी सुरू होते. लेखक आणि संगीतकार यांची संस्था मिलानमध्ये १८८२ साली स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत ऑपेरासंगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांच्यासारखे लोक होते. आज ती ‘सिआए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या उद्योगाला असा जन्मजात मान नव्हता. तबकडी हे यंत्राचे काम, त्यात निर्मिती कसली, असा त्या काळचा समज होता. तो खोडून काढण्यासाठी जगभरच्या ध्वनिमुद्रण कंपन्या नोव्हेंबर १९३३ मध्ये रोममध्ये जमल्या आणि तेथेच त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा जन्म झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, २२ एप्रिल १९४१ रोजी, इटलीने कायदा क्रमांक ६३३ केला. राजवट मुसोलिनीची होती, युद्ध चालू होते, तरीही तो कायदा असंख्य दुरुस्त्यांसह आजतागायत लागू आहे. त्यात लेखकाच्या हक्काला धक्का न लावता ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला वेगळे हक्क दिले गेले. तबकडीच्या प्रती काढण्याचा आणि त्या बाजारात आणण्याचा हक्क हा त्यांतला एक. ती तबकडी रेडिओवर, चित्रपटगृहात किंवा नाचाच्या जाहीर कार्यक्रमात वाजवली गेल्यास मोबदला मागण्याचा हक्क हा दुसरा. कायद्याच्या भाषेत यांना संलग्न हक्क म्हणतात, म्हणजे मूळ लेखकहक्काला लागून असलेले, पण त्याच्याहून एक पायरी खालचे.

कागदावरचा हक्क वसूल करायला मात्र कोणीतरी दारोदार जावे लागते. १९४८ साली मिलानमध्ये ‘आस्सोचात्सिओने फोनोग्राफिची इतालियानी’, संक्षेपाने ‘आफी’, ही ध्वनिमुद्रण उत्पादकांची संघटना स्थापन झाली. इटलीचे नवे प्रजासत्ताक संविधान त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अमलात आले होते, आणि योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी ३३ फेऱ्यांची तबकडी बाजारात आली. संघटना जन्मली तेव्हा तिचे सभासद लाखेच्या, पडली की फुटणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या विकत होते. मिलानची फोनित, ट्युरिनची चेत्रा, मिलानचीच दुरिउम ही तेव्हाची ठळक नावे. ‘स्वतंत्र निर्माता’ हा शब्द त्या काळी कोणी वापरत नसे, कारण परावलंबी म्हणावे असे फारसे कोणी नव्हतेच. देशी कारखानदार आणि परदेशी कंपन्यांच्या शाखा एकाच उद्योगाच्या म्हणून ओळखल्या जात. त्यामुळे आज लहानांची संघटना म्हणून परिचित असलेली आफी सुरुवातीला साऱ्या उद्योगाचे घर होती, हे ध्यानात ठेवल्याखेरीज तिचा पुढचा इतिहास उलगडत नाही.

पुढची दोन दशके भरभराटीची होती. सानरेमोचा गीतमहोत्सव १९५१ साली सुरू झाला, ज्यूकबॉक्स आले, ४५ फेऱ्यांची स्वस्त तबकडी तरुणांच्या हाती पोहोचली. संगीत-प्रकाशनाचा दीडशे वर्षांचा वारसा सांगणाऱ्या रिकोर्दी घराण्याने १९५८ साली तबकड्यांची स्वतंत्र कंपनी काढली. मला त्याहून रंजक वाटते ती कलाकारांनीच निर्माता होण्याची लाट. गायक आद्रियानो चेलेन्तानोने १९६१ साली ‘क्लान’ काढली, गायिका मीनाने १९६७ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोमध्ये ‘पीडीयू’, आणि गीतकार मोगोल व गायक-संगीतकार लुचो बात्तिस्ती यांनी १९६९ साली ‘नुमेरो ऊनो’. जान्नी सास्सी यांच्या ‘क्रॅम्प्स’ने १९७२ पासून मोठ्या कंपन्यांनी दारातही उभे केले नसते असे प्रायोगिक संगीत छापले. आपल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आपल्याच मालकीचे असावे ही इच्छा त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी होती. वितरणासाठी मात्र त्यांना पुन्हा बड्यांकडेच जावे लागे आणि ‘नुमेरो ऊनो’ तर पुढे आरसीए या बड्या कंपनीने विकतच घेतली. स्वातंत्र्य स्टुडिओत मिळत होते आणि गोदामात संपत होते.

रेडिओचा प्रश्न याच सुमारास चिघळला. इटलीने रोमचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार १९७३ च्या कायद्याने स्वीकारला, त्यामुळे निर्माते आणि वादक-गायक यांच्या मोबदल्याच्या हक्काला आंतरराष्ट्रीय आधार मिळाला. पण १९७६ साली संविधान न्यायालयाने आपल्या २०२ क्रमांकाच्या निकालाने स्थानिक खासगी प्रसारणाला मोकळीक दिली आणि पाहता पाहता देशभर ‘राद्यो लीबेरे’, म्हणजे मुक्त रेडिओ केंद्रे, उगवली. त्याआधी राय ही एकच सरकारी प्रसारणसंस्था होती, तिच्याशी एका टेबलावर बसून करार करता येई. आता कुणाच्या तरी माळ्यावर ट्रान्समीटर आणि दोन टर्नटेबले ठेवून चालवलेल्या असंख्य केंद्रांकडून पैसे मागायचे होते. बरे, हीच केंद्रे लहान निर्मात्यांच्या तबकड्या वाजवून त्यांना श्रोते मिळवून देत होती, म्हणजे ज्याचे उपकार त्याच्याकडेच बिल पाठवायचे! दुसरीकडे कॅसेटमुळे चोरटी नक्कल हा स्वतंत्र धंदा झाला होता. तिच्याविरुद्ध १९८१ साली ४०६ क्रमांकाचा तातडीचा कायदा करावा लागला.

आफीचे हे घर फुटले ते १९९२ साली. ऐंशीच्या दशकापासून इटालियन कंपन्या एकामागोमाग परदेशी हाती जात होत्या. आरसीएची इटालियन शाखा जर्मनीच्या बर्टेल्समान समूहात विलीन झाली, सीजीडी ही कंपनी अमेरिकेच्या वॉर्नरकडे गेली, पुढे १९९४ साली रिकोर्दीही बर्टेल्समानच्या बीएमजीने घेतली आणि दशकाच्या अखेरीस फोनित-चेत्रा वॉर्नरच्या पोटात गेली. जगभर एकाच धोरणाने चालणाऱ्या या कंपन्यांना मिलानच्या जुन्या संघटनेत शेजारच्या गल्लीतल्या निर्मात्याच्या बरोबरीने बसण्यात रस उरला नाही. त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘फीमी’ हा आपला महासंघ स्थापन केला. जाणाऱ्यांबरोबर बाजाराचा मोठा हिस्सा गेला, मागे उरले ते लहान आणि मध्यम निर्माते, आणि १९४८ चे नाव. मोठा भाऊ शहरात गेल्यावर वडिलोपार्जित वाडा सांभाळत राहिलेल्या धाकट्यासारखी आफीची अवस्था झाली, असे मला वाटते. पण स्वतंत्र निर्मात्यांची संघटना ही तिची आजची ओळख या वाटणीतूनच घडली. पाच वर्षांनी, १९९७ साली, इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने संगनमताबद्दल पाच बहुराष्ट्रीय कंपन्यांना आणि फीमीला दंड केला. तेव्हा वेगळ्या घरात राहण्याचे सुख धाकट्यांना नक्कीच जाणवले असेल.

व्यापारी संघटनेचे संरक्षण म्हणजे निवेदने आणि परिषदा असा आपला समज असतो. माझ्या मते या संघटनांचे खरे काम हिशेबाचे आहे, आणि १९९२ च्याच ९३ क्रमांकाच्या कायद्याने ते त्यांच्या गळ्यात घातले. लोक घरी कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून घेतात, त्याची भरपाई म्हणून कोऱ्या माध्यमांवर आकार बसवण्यात आला. पुढे ठरलेल्या व्यवस्थेत तो आकार सिआएकडे जमा होई. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अर्धी रक्कम लेखक-संगीतकारांना जाई आणि अर्धी निर्मात्यांना, तीही त्यांच्या सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांमार्फत दिली जाऊ शके. निर्मात्यांनी आपल्या वाट्यातला निम्मा भाग सहा महिन्यांच्या आत गायक-वादकांना द्यायचा असे. एखाद्या गावात वर्षाला तीन तबकड्या काढणारा निर्माता या रकमेतला आपला कण स्वतः शोधू शकणार नाही, म्हणून त्याला संघटना हवी. आणि सभासद अधिक असतील तितके वाटणीच्या टेबलावरचे वजन अधिक, म्हणून संघटनेला तो हवा.

सार्वजनिक ठिकाणी वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या वसुलीसाठी २००० साली ‘एससीएफ’ हा निर्मात्यांचा समाईक संघ उभा राहिला. त्याच्या एका दाव्याची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. दंतवैद्यांच्या दवाखान्यात मंद संगीत लावतात, तर त्याचाही मोबदला मिळावा, यासाठी एससीएफने दंतवैद्यांच्या संघटनेशी बोलणी केली, ती फिसकटली, आणि प्रकरण ट्युरिनमधल्या एका दंतवैद्यावरील खटल्याच्या रूपाने थेट लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात पोहोचले. १५ मार्च २०१२ रोजी न्यायालयाने निर्मात्यांच्या विरोधात निकाल दिला. दवाखान्यात एका वेळी मोजकेच रुग्ण असतात, ते एकामागून एक येतात, गाणी ऐकायला कोणी दात दाखवायला जात नाही आणि गाण्यांमुळे दंतवैद्याचे रुग्ण वाढण्याची अपेक्षाही धरता येत नाही, सबब हे जनतेपुढे केलेले सादरीकरण नव्हे, असा न्यायालयाचा तर्क होता. गंमत अशी, की त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आयर्लंडमधल्या प्रकरणात हॉटेलच्या खोल्यांत टीव्ही-रेडिओ पुरवणाऱ्या हॉटेलचालकाने मोबदला दिला पाहिजे, असे ठरवले. दंतवैद्याच्या खुर्चीवरचा माणूस जनता नाही आणि हॉटेलच्या पलंगावरचा आहे! कायदेपंडितांना यातली संगती दिसते. मला तर या निकालांपेक्षा त्यांच्यामागची चिकाटी अधिक बोलकी वाटते, कारण छापील तबकडीची विक्री ढासळल्यावर निर्मात्यांना अशा चिल्लर उत्पन्नासाठीही ट्युरिनहून लक्झेंबर्गपर्यंत जावे लागत होते.

स्वतंत्र निर्माते स्वभावानेच स्वतंत्र असतात, त्यामुळे त्यांची एकच संघटना राहिली असती तर नवल. नव्वदच्या दशकात फाएन्झा या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी जोर्दानो सांज्योर्जी यांनी स्वतंत्र लेबलांचा मेळावा भरवायला सुरुवात केली. त्याच वर्तुळातून ‘ऑडिओकूप’ ही अगदी लहान लेबलांची संघटना आकाराला आली. २००४ साली बड्या कंपन्यांनी रायशी बिनसल्यामुळे सानरेमो महोत्सवावर बहिष्कार घातला आणि रिकाम्या झालेल्या जागांवर छोट्या कंपन्यांचे कलाकार दिसले. पुढच्याच वर्षी ‘पीएमआय’ ही स्वतंत्र निर्मात्यांची आणखी एक संघटना स्थापन झाली. इतक्या थोड्या लोकांना इतक्या संघटना कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि मंत्रालयातील अधिकाऱ्यांना तो सोयीचाही वाटत असणार. युरोपच्या पातळीवर मात्र ‘इम्पाला’ या २००० साली स्थापन झालेल्या महासंघाने एकजुटीचे मोल दाखवले. सोनी आणि बीएमजी यांच्या विलीनीकरणाला २००४ साली मिळालेली परवानगी तिने २००६ साली न्यायालयातून रद्द करून घेतली. २००८ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला हे खरे, पण लहानांचा आक्षेप ऐकल्याखेरीज पुढे जाता येत नाही, हे तोवर सर्वांना कळले होते.

सरकारकडच्या मागण्यांत काही पदरात पडल्या, काही नाहीत. नवोदित कलाकारांच्या पहिल्या आणि दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या खर्चावर ३० टक्के करसवलत २०१३ च्या ‘व्हालोरे कुल्तूरा’ वटहुकमाने मिळाली, तीन वर्षांत मिळून कमाल दोन लाख युरो, आणि लहान निर्मात्याच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नाही. पुस्तकावर ४ टक्के आणि तबकडीवर २२ टक्के मूल्यवर्धित कर ही तफावत मात्र कायम आहे. तबकडी हे यंत्राचे काम, हा जुना समज कर खात्यात अजून मुक्कामाला आहे म्हणायचा.

एक मोठे यश युरोपीय निर्देशामुळे मिळाले. ध्वनिमुद्रणाच्या संरक्षणाची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे झाली आणि इटलीने ती २०१४ साली आपल्या कायद्यात आणली. मात्र १ नोव्हेंबर २०१३ रोजी ज्यांची जुनी मुदत संपलेली नव्हती, त्याच ध्वनिमुद्रणांना ती लागू झाली. थोडक्यात १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या तबकड्या आत आल्या आणि त्याआधीच्या बाहेर राहिल्या. माझ्या टेबलावर या क्षणी जी तबकडी आहे, तिच्यावर १९६२ हे साल छापलेले आहे. गाणे रचणाऱ्यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ७० वर्षे चालतो, तो अजून शाबूत आहे. निर्मात्याचा २०१२ च्या अखेरीस संपला. काठावरच्या त्या गोल ओळीतली दोन्ही नावे शाई न उडता तशीच आहेत, फक्त त्यांतल्या पहिल्याचे, म्हणजे निर्मात्याचे, आता काहीही राखीव नाही.