कोळशाच्या पगारातला फ्लॅट आणि गच्चीवरचं सोलर

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात माझी अख्खी नोकरी गेली. २१० मेगावॉटचा वीजनिर्मितीचा एक संच पूर्ण भारावर असला की तासाला साधारण दीडशे टन कोळसा खातो, आणि तो नीट खातोय ना हे बघायचा मला पगार मिळायचा. त्याच पगारातून नागपुरातला हा फ्लॅट झाला, मुलीचं इंजिनिअरिंग झालं, ती टोरंटोला गेली. निवृत्तीनंतर सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचा विषय मी काढला तेव्हा कोणीतरी हे सगळं तोंडावर ऐकवणार, हे उघडच होतं.

ते ऐकवलं तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी. विशेष सर्वसाधारण सभा होती. गणसंख्या भरली नाही म्हणून रिवाजाप्रमाणे अर्धा तास तहकूब होऊन त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झालेली. मी सामाईक मीटरचे आकडे सांगत होतो. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे मिळून महिन्याला अडीच हजार युनिटच्या घरात जातात, आणि त्यातली बहुतेक ५०० च्या वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, जिंदगीभर तुम्ही कोळसा जाळला. घरी दोन एसी, खाली डिझेलची गाडी, उन्हाळा लागला की कॅनडा. अन् आता आम्हाले सूर्य शिकवून राहिले?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. विषय मात्र तिथेच बारगळला. पुढचा अर्धा तास लोक सोलरवर बोललेच नाहीत, माझ्यावर बोलले.

घरी येऊन मी कागद घेतला. सवयच आहे, युनिटमागे किती कोळसा गेला हे रोज लिहिणारा माणूस मी. देशाच्या ग्रिडवरचं एक युनिट म्हणजे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. आमच्या घराची वर्षाची वीज साडेतीन हजार युनिट, म्हणजे अडीच टन. डिझेल लिटरला २.७ किलो, गाडी आता फार फिरत नाही, तरी पाऊण टन धरा. १४.२ किलोचं एक सिलिंडर जाळलं की ४२ किलो. वर्षाची सगळी सिलिंडरं मिळून अर्धा टनही होत नाही. आणि मग टोरंटो. नागपूरहून जाऊन-येऊन पंचवीस हजार किलोमीटर, माणशी दोन ते अडीच टन. आम्ही दोघं जातो. म्हणजे वर्षभराचे एसी, गाडी, गॅस एकीकडे आणि नातवाला बघायला केलेला एक प्रवास दुसरीकडे, तर प्रवासच जड भरतो. सरासरी भारतीयाचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन दोन टनांच्या आगेमागे आहे.

तो कागद मी नोटीस बोर्डावर लावला. बायको म्हणाली, "स्वतःचीच कुंडली चौकात टांगता का?" पण झालं उलटंच. जिन्यात लोक थांबवून विचारायला लागले, आमचं किती येईल हो? दोघा-तिघांचं माझ्यापेक्षा जास्त आलं, त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं.

सगळ्यात कमी आकडा तळमजल्यावरच्या काकूंचा. गाडी नाही, एसी नाही, उन्हाळ्यात एक कूलर. इमारतीत कोणाला बोलायचा नैतिक अधिकार असेल तर तो त्यांना, आणि त्यांचाच सोलरला सगळ्यात ठाम विरोध होता. "मी लिफ्टनं जातच नाही," त्या म्हणाल्या. "माझी कुरडया-सांडगे वाळवायची जागा तुम्ही घेणार अन् वर्गणी बी माझ्याकडूनच? काऊन?"

वकीलसाहेबांचा आक्षेप माझ्यावर होता, काकूंचा योजनेवर. हा फरक मला तेव्हा लख्ख दिसला. मी उद्या टोरंटोचं तिकीट रद्द केलं तरी आमच्या लिफ्टचा कोळसा एक ग्रॅमनं कमी होत नाही. मी दहा वेळा गेलो तरी गच्चीवरच्या पॅनेलचं एक युनिट घटत नाही. माझा हिशेब मला द्यावाच लागेल, पण तो वेगळा हिशेब आहे. प्रत्येकानं आपापला कार्बन मोजावा, ही कल्पना लोकांत रुजवण्यात २००४ च्या सुमारास बीपी ही तेल कंपनीच पुढे होती, हे इथे आठवतं. विहीर कोणी खणली हे विसरायचं आणि बादल्या मोजत बसायचं, त्यातला प्रकार.

काकूंच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागणार होतं. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्यांत समान वाटला जातो, वापरा अथवा न वापरा. कायदा तिथे संपतो. आम्ही ठरवलं ते असं: सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीला, हात लावायचा नाही, तळमजल्याकडून वर्गणी घ्यायची नाही, आणि पॅनेलचा सांगाडा डोक्याच्या वर उंच घ्यायचा, म्हणजे खाली गच्ची मोकळी राहील. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागतं, वाऱ्याचा जोर जास्त धरावा लागतो, खर्च वाढतो. तो वाढू दिला.

तिसरा आक्षेप खरा जाणकाराचा होता. आमच्याच इमारतीत नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले एक सहकारी राहतात. ते सभेत बोलले नाहीत, संध्याकाळी फिरायला जाताना बोलले. "दुपारी तुम्ही ग्रिडवर ढकलणार, रात्री लिफ्ट चालवायला परत घेणार. रात्री देणार कोण? कोराडी अन् खापरखेडाच ना? मग तुमचं सोलर म्हणजे कागदावरची जमा-खर्चाची वही."

बरोबर होतं त्यांचं. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेचा, म्हणजे उभ्या केलेल्या सगळ्या केंद्रांच्या एकूण ताकदीचा, अर्धा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, गॅस सोडून) झाला, त्याच्या बातम्या आल्या. पण स्थापित क्षमता म्हणजे वीज नव्हे. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, आणि दिवस मावळल्यावर तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. उलट दुपारी सोलर वाढलं की आमच्या जुन्या संचांना भार खाली आणावा लागतो, ५५ टक्क्यांपर्यंत, आणि संध्याकाळी धावत वर चढावं लागतं. असं रोज केलं की बॉयलरच्या नळ्यांना ताण येतो, युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. हे आम्ही दोघंही हातानं केलेलं. त्यावर उपाय साठवणुकीचा: बॅटऱ्या, किंवा घाटघरसारखे उदंचन प्रकल्प, जिथे स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि मागणी असताना खाली सोडायचं. घाटघर २५० मेगावॉटचं. एकट्या चंद्रपूरची क्षमता २९२०. एवढं अंतर कापायचं आहे.

मी त्यांना इतकंच म्हटलं की दुपारी आपल्या वीस किलोवॉटमुळे जो कोळसा जळणार नाही, तो रात्री परत जळत नाही. ते म्हणाले, "हो, पण लोकांना असं सांगू नका की आपली लिफ्ट उन्हावर चालते." ते मी मान्य केलं आणि ठरावातही तसंच लिहिलं.

ठराव मंजूर झाला. आणि मग कागद.

पहिलीच ठेच: सामाईक मीटरचं बिल अजून बिल्डरच्या नावावर. इतकी वर्षं भरत होतो, नाव कोणी वाचलंच नव्हतं. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, आणि बिल्डरची सही. सहीसाठी किती खेटे घातले ते सांगत नाही. तुमच्या इमारतीत सोलरचा विषय निघायचा असेल तर आज रात्रीच सामाईक बिलावरचं नाव बघून घ्या, आणि त्याच कागदावरचा मंजूर भारही, म्हणजे त्या मीटरवर किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे तो आकडा. भारापेक्षा मोठा प्रकल्प नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करायच्या सोयीत, बसत नाही.

मग दरपत्रकं. सगळ्यात स्वस्त दरपत्रक वाचून सभासद खूश झाले होते. त्यात पॅनेल परदेशी सेलची होती. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, पण सेलही देशी, पॅनेलही देशी असली तरच. याला या धंद्यात डीसीआर पॅनेल म्हणतात. वीस किलोवॉटचे ३ लाख ६० हजार सोडून दिले असते तर ते स्वस्त दरपत्रकच महागात पडलं असतं. शिवाय अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येतं, आधी सगळे पैसे आपणच उभे करायचे. दरपत्रकावर डीसीआर हा शब्द लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

क्षमता वाढवून घ्या असाही एक सूर होता. "जास्तीची वीज विकू." विकता येते, पण वर्षभर बिलात वळती होऊन ३१ मार्चला जी शिल्लक उरते तिला मिळणारा भाव आपण भरतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून वीसवर थांबलो.

पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांची सावली चुकवून पॅनेल बसली, अर्थिंगचे खड्डे झाले, तडितरोधक लागला, तपासणी झाली आणि नेट मीटर आलं. पहिल्या आठवड्यातच वीज गेली आणि भर दुपारी लिफ्ट बंद. फोनवर फोन. "सोलर आहे ना वर, मग?" ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतः बंद होतो, व्हायलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. हे मी सभेत सांगितलं होतं, पण त्या वेळी लोक माझ्या कॅनडावर बोलत होते.

आणखी एक गैरसमज नागपूरकरांचा: मे महिन्यात ४५ अंश, म्हणजे वीज बदाबदा. तापलेलं पॅनेल उलट कमी देतं, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे निघाले, ऊन कडक आणि हवा गार असतानाचे. पावसाळ्यात तर उत्पादन पार खाली.

सामाईक बिल आता बव्हंशी स्थिर आकाराचं, म्हणजे युनिट कितीही वापरा तरी लागणाऱ्या ठरावीक रकमेचंच येतं. काकूंच्या कुरडया यंदा सांगाड्याखालीच वाळल्या, सावली पडते म्हणून दिवसातून दोनदा जागा बदलाव्या लागल्या, आणि त्याबद्दल त्या मला अजून बोलतात. टोरंटोला आम्ही या वर्षीही जाणार आहोत. बोर्डावरचा कागद काढलेला नाही.

वकीलसाहेबांनी विजेवरची गाडी बुक केली आहे. पुढच्या सभेसाठी त्यांचाच विषय आलाय: पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट, सोसायटीच्या सोलरवर. कोराडीवाले मित्र मला विचारत होते, गाडी चार्ज करणार कधी? रात्री, कोर्टातून आल्यावर. सभेत हे मी विचारायचं की त्यांनी, एवढंच आमचं अजून ठरत नाहीये.