अबे, पण समोर कोन होतं?

आमच्या घरात एक कप आहे. स्टीलचा, वीतभर, एक कान तुटलेला, सध्या त्यात रबरबँड आणि न चालणारी पेनं राहतात. 1994 च्या कॉलनीच्या गणेशोत्सवात मी कॅरम सिंगल्समध्ये पहिला आलो होतो, त्याचा तो. कप घेऊन घरी आलो तेव्हा मामा ओट्यावर बसून होते, त्यांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही, डायरेक्ट विचारलं, "अबे, पण समोर कोन होतं?"

आता समोर जो होता त्याचं उजव्या हाताचं बोट सायकलच्या चेनमध्ये सापडलं होतं, त्याला ही एवढी पट्टी, आणि तो अख्खी फायनल डाव्या हाताने खेळला. तरी मी 25-22 नेच जिंकलो. हे मी मामांना सांगितलं नाही. पण संध्याकाळपर्यंत कळलंच, कॉलनीत काय लपून राहते.

मामांचा हा प्रश्न जुनाच. वर्गात दुसरा आलो तर "वर्गात पोरं किती?" असं विचारणारा माणूस. कोळसा खाणीतून रिटायर झाल्यापासून त्यांनी हा प्रश्न हेवीवेट बॉक्सिंगवर लावला आहे. रात्री जेवण झालं की मोबाइलवर यूट्यूब, आवाज फुल, जुन्या काळ्यापांढऱ्या फाइटी, आणि रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून तर्री पोहे खायला नेतो तेव्हा आठवडाभराचा निकाल ऐकावा लागतो. लोकं पोह्यावर कांदा, चिवडा, लिंबू घेऊन राहिलेत आणि आमचे मामा चमचा हवेत धरून रॉकी मार्सियानोचं ऑडिट करून राहिलेत.

मार्सियानो म्हणजे 49 फाइट, 49 विजय, एकही हार नाही. मी म्हटलं, मामा, याच्यापुढे काय बोलता तुम्ही? तर म्हणे, "पाह्य, त्यानं 1951 मध्ये हरवलं कोनाले, तर जुना चॅम्पियन जो लुईले. लुई किती वर्षाचा? 37. वॉलकॉट 38 चा. आर्ची मूरचं तर जन्मसालच धड ठरलं नव्हतं. मंग हे तर पेन्शनर लोकं झाले ना बे." आणि हे खरंही आहे, पण अर्धंच खरं आहे, कारण त्याच 38 च्या वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच राउंडमध्ये खाली पाडलं होतं आणि बाराव्या राउंडपर्यंत गुणांच्या तिन्ही कार्डांवर तो पुढे होता, तेराव्यात एक ठोसा बसला आणि संपलं. पेन्शनर असले तरी असे तसे पेन्शनर नव्हते.

मग मी एकदा घरी बसून मामांचीच पद्धत सगळ्यांना लावून पाहिली. लुई मार्सियानोकडून हरला तेव्हा 37 चा. मोहम्मद अली 1980 मध्ये लॅरी होम्सकडून हरला तेव्हा 38 चा. तोच होम्स 1988 मध्ये टायसनकडून चौथ्या राउंडमध्ये आडवा झाला तेव्हा तोही 38 चा. आणि टायसन 2002 मध्ये लेनॉक्स लुईसकडून हरला तेव्हा 35 चा. म्हणजे प्रत्येकाच्या यादीत जे सगळ्यात मोठं नाव आहे ते म्हाताऱ्या माणसाचं आहे. नाव तेच, माणूस दुसरा. आपण नुसतं नाव वाचतो, तारीख वाचतच नाही. (आणि हा नियम पक्का झाला असं वाटेपर्यंत फोरमन मधे येतो, 45 व्या वर्षी, दहाव्या राउंडमध्ये एक उजवा हात टाकून मायकेल मूररचा बेल्ट घेऊन जातो, आणि मूरर तेव्हा 35 फाइटमध्ये हरलेला नव्हता. तेही 1994 च. म्हणजे ज्या वर्षी मी डाव्या हाताच्या माणसाला तीन पॉइंटने हरवलं.)

मी स्वतः टायसनवाला. आमच्या वयाची सगळी पोरं टायसनवाली, विसाव्या वर्षी चॅम्पियन झालेला माणूस आवडणार नाही तर काय. स्पिंक्सला त्याने 91 सेकंदात झोपवलं आणि स्पिंक्स तोवर एकदाही हरला नव्हता, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मामा ओठ हलवून सोबत म्हणतात. आणि मग म्हणतात, "स्पिंक्स लाइट हेवीतून, म्हंजे खालच्या वजनगटातून वर आला होता. होम्स म्हातारा होता. आन् टोकियोत डग्लस आला, त्याले कोनी मोजतच नव्हतं, त्यानं काय केलं?" दहाव्या राउंडमध्ये टायसन माऊथगार्ड शोधत रिंगमध्ये चार पायांवर फिरत होता, ते केलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी तर्री मागून घेतो.

पण मामांच्या प्रश्नात एक घोळ आहे. समोरचा भारी होता हे ठरवायचं कशावरून? तर त्याने कोणाला हरवलं त्यावरून. आणि ते भारी कशावरून? असं मागे मागे जात राहायचं. फ्रेझरने 1971 मध्ये अलीला हरवलं. नॉर्टनने 1973 मध्ये अलीला हरवलं, वर जबडाही तोडला. मग फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, नॉर्टनलाही दोनच राउंडमध्ये गुंडाळलं. हिशोबाने फोरमनने अलीला तर फुंकून उडवायला पाहिजे. किन्शासात अली दोराला टेकून मार खात बसला, फोरमन मारून मारून थकला, आणि आठव्या राउंडमध्ये तोच खाली. अ भारी ब ला, ब भारी क ला, आणि क भारी अ ला, हे शाळेतल्या गणिताच्या बाईंना दाखवलं असतं तर पट्टीच खाल्ली असती.

बिचाऱ्या व्लादिमीर क्लिच्कोचं वेगळंच. साडेनऊ वर्षं चॅम्पियन, आणि मामा म्हणतात समोर कोनीच नव्हतं. त्याच्या काळात त्याच्या तोडीचा जो एक माणूस होता तो त्याचा सख्खा भाऊ, आणि एकमेकांशी लढणार नाही असं दोघांनी आईला वचन दिलेलं. आईला दिलेल्या वचनापायी रेकॉर्ड हलकं झालं, हे मराठी माणसाला तरी समजायला पाहिजे. मामांना नाही समजत.

जो लुईवर तर पेपरवाल्यांनी 'बम ऑफ द मंथ', म्हणजे दर महिन्याला एक फालतू गडी, म्हणून टर उडवली होती, कारण डिसेंबर 1940 पासून त्याने सात महिन्यांत सात वेळा टायटल पणाला लावलं. अगदी किराण्याच्या बिलासारखं. आणि सातवा कोण, तर बिली कॉन, लुईपेक्षा चांगला दहा-बारा किलोंनी हलका, आणि तो बारा राउंडनंतर पुढे होता. नुसता पळत राहिला असता तरी चॅम्पियन झाला असता, पण तेराव्यात नॉकआउट करायला गेला आणि स्वतःच नॉकआउट झाला. समोर कोन होतं ते लुईलाही त्या रात्रीपर्यंत माहीत नसेल.

मामांचा प्रश्न मला एकाच ठिकाणी मनापासून पटतो, आणि तिथे मामा तो विचारत नाहीत. समोर कोण येऊच दिलं नाही? डेम्प्सी 1919 ते 1926 चॅम्पियन होता आणि हॅरी विल्स नावाचा काळा बॉक्सर ती सगळी वर्षं दारात उभा होता, त्याला फाइट मिळालीच नाही. सॅम लँगफर्डला तर हेवीवेट टायटलवर लढायला कोणीच घेतलं नाही, जॅक जॉन्सन स्वतः काळा चॅम्पियन झाला तरी त्यानेही नाही. हेवीवेट टायटलच्या यादीत यांची नावं जिंकलेल्यांत नाहीत, हरलेल्यांतही नाहीत. आणि हे लिहिताना मला आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्याचा पोरगा आठवतो. ठेल्यामागे फुटक्या बोर्डावर, पावडरऐवजी मैदा टाकून खेळायचा, मला त्याने किती वेळा धुतलं त्याची मोजदाद नाही. गणेशोत्सवात एन्ट्री फक्त कॉलनीतल्यांना होती. फायनलच्या दिवशी तो खिडकीच्या गजाला धरून बाहेरून बघत होता. असो.

विदर्भाचं आलं की मामांचा प्रश्न बरोबर उलटा होतो. 2017-18 ला आपण दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकलो तेव्हा बाहेरचे म्हणाले, प्लेट ग्रुपवाले, म्हणजे खालच्या गटातले, लागला मटका. पुढच्या वर्षी नागपूरच्या जामठा स्टेडियमवर सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकलो. आणि फेब्रुवारी 2025 ला सेमीफायनलमध्ये मुंबईला 80 रनांनी हरवलं तेव्हा मामा स्वतःच ठेल्यावर सगळ्यांना विचारत सुटले, "समोर कोन होतं? रहाणे होता, सूर्यकुमार होता, शार्दूल होता!" ज्याने विचारलं नव्हतं त्यालाही सांगितलं.

तर मागच्या रविवारी तिथेच, पोह्याच्या गाडीपाशी, तो भेटला. पट्टीवाला. तीस वर्षांनी, टक्कल, सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. ओळख पटली, आणि त्याने मुलाला सांगायला सुरुवात केली की हे काका म्हणजे आपल्या जुन्या कॉलनीचे कॅरम चॅम्पियन, काय स्ट्रायकर होता यांचा, काय कट मारायचे, एका टर्नमध्ये बोर्ड साफ करायचे. मी आयुष्यात एका टर्नमध्ये बोर्ड साफ केलेला नाही. पण मी गप्प. मला एकदम तो चक वेपनर आठवला, जो 1975 मध्ये अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला आणि हरूनही जन्मभर तेवढ्यावर ओळखला गेला. अली जितका मोठा तितकं ते हरणं मोठं.

मामा तोंडात पोहे घेऊन ऐकत होते. घास गिळून त्यांनी पोराकडे वळून विचारलंच, "अबे, पण समोर कोन होतं?"

"मी होतो न, मामाजी," तो म्हणाला, आणि उजव्या हाताचं ते वाकड्या नखाचं बोट वर करून दाखवलं.

मामांनी बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडीवाल्याला म्हणाले, "भाऊ, तर्री टाक जराशी."