नवजाच्या धुक्यातले काळे पक्षी

कोयना अभयारण्यातील वनरक्षकांना पक्षीगणना शिकवण्यासाठी मी नवजाला जातो, तेव्हा सर्वाधिक वेळ धनेश किंवा गरुड ओळखण्यात जात नाही, तो काळ्या पक्ष्यांवर खर्च होतो. पावसाळा तोंडावर आला की या भागात सकाळी धुके उतरते आणि शीळकरी कस्तुराच्या खांद्यावरची निळी झाक, साध्या कस्तुराची नारिंगी चोच, कोतवालाच्या पिसांवरची चमक असे पुस्तकात ठळकपणे छापलेले सगळे रंग एकाच काळपट आकृतीत बुडून जातात. मग माणूस आवाजाचा आधार घेतो, आणि या जंगलात नेमका तोच आधार कधीकधी दगा देतो.

मे अखेरच्या त्या दिवशी आमचा गट उजाडण्यापूर्वीच ओढ्यावर पोहोचला होता. शीळकरी कस्तुर पहाटेच्या अंधारातच गायला लागतो. एखादा माणूस सूर न सांभाळता, मनात येईल तशी रमतगमत शीळ घालत चालला असावा, असे ते गाणे वाटते. उडताना मात्र तो बारीक, कर्कश अशी एकच किंचाळी मारतो आणि ओढ्याच्या खळखळाटातही ती स्पष्ट ऐकू येते. उजेड वाढला तेव्हा तो पाण्यातल्या खडकावर दिसला. चोच काळी, पाय काळे, आणि त्याने मान वळवताच कपाळावर क्षणभर चमकलेला निळा पट्टा. नर व मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे नोंदवहीत लिंगाचा रकाना कोरा ठेवायला मी सांगितले.

खरी परीक्षा धारेवर चढल्यावर झाली. ओढा बराच खाली राहिला होता आणि अंजनी-जांभळीच्या दाट झाडीत धुके इतके भरले होते की पुढच्या झाडाचे खोडही पुसट दिसत होते. वर शेंड्यावरून तीच शीळ आली. नव्याने भरती झालेल्या एका वनरक्षकाने लगेच ‘शीळकरी कस्तुर, एक’ असे लिहिले. त्याच्या मोबाइलमधील आवाज ओळखणाऱ्या ॲपनेही तेच नाव दाखवले. आमच्यासोबत आलेले वयस्कर वनमजूर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, एवढेच म्हणाले, “थांबा जरा, त्यो नकल्या असंल.”

मी नोंद खोडायला सांगितले नाही. ठरलेली दहा मिनिटे जागचे न हलता ऐकत राहायचे, एवढेच सांगितले. शीळ थांबली आणि त्याच फांदीवरून घंटेसारखा धातूचा स्वर आला. त्यानंतर सर्पगरुडाची लांब हाक आली, आणि ती इतकी हुबेहूब होती की दोघांनी आकाशाकडे पाहिले. मग पुन्हा शीळ. शीळकरी कस्तुर आपली शीळ कितीही वळवत नेत असला, तरी एका दमात गरुड आणि घंटा असा फेरफटका मारत नाही. शिवाय त्याचा जीव पाण्याकाठच्या खडकांत असतो. धारेवरच्या उंच शेंड्यावर, ओढ्यापासून इतक्या दूर तो गात बसला असेल, तर ऐकणाऱ्याने आधी स्वतःच्या कानावर संशय घ्यावा.

धुके विरळ झाले तेव्हा ताठ बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी दिसला. आता तरुण वनरक्षक म्हणाला, “सर, हा कोतवाल.” हा तर्क चुकीचा असला तरी मला आवडला, कारण तो आकार पाहून केलेला होता. साधा कोतवाल मात्र शेतात, तारेवर, गुरांच्या पाठीवर भेटतो. इतक्या दाट जंगलात तो सहसा नसतो. राखी कोतवाल हिवाळी पाहुणा असल्याने त्यावेळी निघून गेलेला असतो. मी दुर्बीण त्याच्या हाती देऊन कपाळ पाहायला सांगितले. चोचीच्या मुळाशी पिसांचा उभा झुबका होता. पक्ष्याने माशी पकडण्यासाठी झेप घेतली तेव्हा शेपटीच्या एकाच बाजूने तारेसारखी लांब काडी आणि तिच्या टोकाशी चपटे पीस दिसले, एखादा भुंगा पाठलागावर असावा तसे. दुसऱ्या बाजूचे पीस गळून गेले होते. तो भृंगराज होता, म्हणजे इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा आबांचा ‘नकल्या’. पिसे झडण्याच्या काळात दोन्ही काड्या गेल्या, की केवळ शेपटीवर विसंबणारा माणूस हमखास फसतो.

परतीच्या वाटेवर आणखी एक दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी भेटला. या वेळी तोच मुलगा बोलायच्या आधी थांबला. पक्षी झेपा घेत नव्हता, निवांत बसून होता, आणि मग एकापाठोपाठ चढत जाणाऱ्या पाच-सहा शिट्ट्या ऐकू आल्या. कोतवालासारखा दिसणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी पावसाच्या तोंडावर आवाज द्यायला लागतो. पावशाची ‘पेरते व्हा’सुद्धा चढतच जाते, पण याच्या शिट्ट्या सुट्या सुट्या पायऱ्यांनी चढतात. चोच बारीक व थोडी वाकडी होती, आणि शेपटीखाली पांढरे आडवे पट्टे होते. हे पट्टे खालून पाहणाऱ्यालाच दिसतात. उतारावरून वर पाहायला मिळाले, हे आमचे भाग्य.

कस्तुर तेवढा मुकाट सापडला. छावणीमागच्या पाचोळ्यात तो पाने उलटवत होता. थोडे टुणटुणत जायचे, थबकायचे, मान तिरकी करायची, हे त्याचे वळण धुक्यातही लपत नाही. आपल्या भागातला नर पूर्ण काळा नसून राखट-तपकिरी अंगाचा, काळ्या टोपीचा असतो. चोच व डोळ्याभोवतीचे कडे पिवळसर नारिंगी. त्यासाठी दुर्बिणीची गरज पडली नाही.

संध्याकाळी नोंदपत्रके तपासताना शीळकरीच्या रकान्यात फक्त ओढ्यावरची नोंद राहिली. पुढच्या फेरीच्या नोंदपत्रकात ‘पाहिला’ आणि ‘ऐकला’ यांच्याजोडीला ‘कोठे बसून’ हा नवा रकाना घालायचे आम्ही ठरवले. आबांना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, “ह्ये आधी न्हवतं व्हय?”