दंडातला उंदीर

परवा भरलेला सिलिंडर एका हाताने उचलायचा शहाणपणा केला आणि उजवा दंड धरला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'मसल' लिहून पुढे काहीतरी खरडलं. दुपारी पडल्या पडल्या त्या शब्दातल्या 'सी'कडे बघत राहिलो.

ह्या 'सी'शी माझं जुनं वैर. सहावीत धडा वाचताना मी ठणकावून 'मस्कल' म्हटलं होतं. वर्ष संपेपर्यंत पोरं मला मस्कल्या म्हणत होती. आता डिक्शनरी काढली तर मूळ लॅटिन शब्द 'मुस्कुलुस'! म्हणजे 'सी' तिथे चांगला वाजत होता, इंग्रजीत येऊन मुका झाला. चाळीस वर्षं उशिरा का होईना, निकाल माझ्या बाजूने लागला.

आणि मुस्कुलुस म्हणजे काय, तर उंदराचं पिल्लू. 'मूस' म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचाच भाऊबंद. हात वळवला की कातडीखाली काहीतरी पळतं, ते त्या लोकांना उंदरासारखं दिसलं म्हणे.

आमच्या कोल्हापुरात तिथे बेडूक. बेडकुळी!

आज्जा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं एवढं मोठं मैदान, पण माझ्या लक्षात राहिल्यात त्या भाजलेल्या शेंगा. गल्लीतली तालीम मात्र लख्ख आठवते. जोर मारून पैलवान हौद्याच्या काठावर बसलेला, पाठीला लाल माती, अंगाला ताक-हळदीचा आंबूस वास. आम्ही पोरं रांगेत. "वस्ताद, बेडकी दावा की!" तो दंड सैल सोडायचा आणि बोटाच्या पेरानं टक्कन ठोसा द्यायचा. कातडीखाली टण्णदिशी गोळा उठायचा, जरा थरथरायचा आणि विरून जायचा. "उठली, उठली!" मग घरी येऊन आपल्या काडीला ठोसे. नुसती काळीनिळी व्हायची.

भाचा जिमला जातो. तो 'बायसेप्स' म्हणतो. तेही लॅटिनच, अर्थ दोन डोक्यांचा. त्यापेक्षा बेडूक बरा, एकाच डोक्याचा तरी आहे.

उंदीर बरोबर की बेडूक, ह्यावर बराच विचार केला. रोमनांनी कुणाला ठोसा मारून बघितला नसणार, असं माझं मत पडलं.

रात्री कपाटामागे खरंच खुडबुड झाली. पिंजरा माळ्यावर आहे. आणि हात वर जात नाही.