४६ मीटर सुतळी

मे महिन्यात दुपारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमध्येच काय ती सावली. यंदा मी तिथे खांबाखांबांना वळसे देत ४६ मीटर सुतळी बांधली. सुतळीचं एक टोक म्हणजे आज, आणि तिथून मागे मोजत एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी, म्हणून ४६ मीटर.

खेळाचं नाव ‘भेट झाली असेल का?’ जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला प्राणी, झाडं काढून पत्ते केले. दोन पत्ते उचलायचे, या दोघांची गाठ पडली असेल का ते आधी सांगायचं आणि मग कपड्यांच्या चिमट्यांनी ते सुतळीवर जागच्या जागी लावायचे.

सहावीतल्या एकाला स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स हे दोन डायनासोर आले. “हे तर मारामारी करायचे!” स्टेगोसॉरस लागला १५० सेंटिमीटरवर, टी-रेक्स ६६ वर. मधलं अंतर ८४. म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसला जितका जवळ, त्याहून आपल्याला जवळ. पोरगा तीनदा टेप लावून बघत होता. मी गप्प बसले. ‘कोट्यवधी वर्षांपूर्वी’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात सगळ्यांचा एकच ढीग होतो, हे मला फार खुपतं. तो ढीग त्याचा तोच उपसत होता.

डायनासोर आणि गवत या जोडीला सगळे “नाही” म्हणाले. शास्त्रज्ञही बराच काळ तसंच मानत. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरचं दगड झालेलं शेण सापडलंय, त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले. २००५ साली ते प्रसिद्ध झालं. शेण म्हटल्यावर जो हशा पिकला! आता गवत कोणी विसरायचं नाही.

माणसाचा पत्ता सर्वांत धाकटीकडे. आपली जात साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे तीन मिलिमीटर. चिमटाच त्याहून जाड. “मावशी, मग लावू कुठे?” शेवटी तिनं पेन्सिलीनं सुतळीच्या टोकाला ठिपका दिला.

वेताळ टेकडीवरून आणलेला काळा दगड मी तिच्या हातात ठेवला. दख्खनचा लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. ती मोजत मोजत गेली आणि बरोबर टी-रेक्सच्या चिमट्याखाली थांबली. मग दगडाकडे बघत विचारलं, “हा तेव्हा गरम होता?”

हो, म्हटलं. तिनं तो गालाला लावला.