उकडलेलं अंडं आणि जर्मन व्याकरण

इकडे जर्मन शिकणारी आपली मंडळी सगळं इंग्रजीतून समजून घ्यायला जातात आणि पार्टित्सिप त्स्वायला, म्हणजे पास्ट पार्टिसिपलला ('उकडलेलं'सारखं रूप) आले की अडकतात, कारण इंग्रजीत बॉइल्ड तो बॉइल्डच, अंडं असो की बटाटा. मराठीतून बघा ना! उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं, उकडलेल्या भाज्या, आपण हे लहानपणापासून करतोय.

जर्मनमधे तेच, 'गेकॉख्ट'ला (उकडलेलं) शेपूट लागतं. आइन गेकॉख्टेस आय (अंड्याला आय म्हणतात, हसू नका), पण दास गेकॉख्टे आय. का, तर 'दास'ने (इंग्रजीतलं 'द') लिंग आधीच सांगून टाकलंय, मग विशेषणाने परत कशाला सांगायचं, आणि 'आइन' (इंग्रजीतलं 'अ') काहीच सांगत नाही म्हणून ते काम विशेषणावर येतं. आर्टिकलच नसेल तर सगळा भार त्याच्यावरच: गेकॉख्टर राइस, आणि 'मिट' (म्हणजे 'सोबत') आलं की मिट गेकॉख्टम राइस. सुपरमार्केटमधे फिरलात तरी प्रॅक्टिस होते, टोमॅटोच्या डब्यावर गेहाक्टे टोमाटन (चिरलेले टोमॅटो), बेकरीत बेलेग्टेस ब्र्योटशन (आत काहीतरी भरलेला छोटा पाव). मसाल्याच्या बाटलीवर मात्र 'कुर्कुमा गेमालन' (दळलेली हळद), नामाच्या मागे गेलं की शेपूट गायब.

खरी मजा सरकारी पत्रांत. "दास फॉन ईनन आम ड्रिटन मेर्त्स आइनगेराइश्टे फॉर्म्युलार", बापरे वाटतं, पण हे म्हणजे "तुम्ही ३ मार्चला दिलेला फॉर्म", आपल्याच क्रमाने, सगळी माहिती नामाच्या आधी! इंग्रजीत हे उलटं करून सांगावं लागतं, म्हणून मला वाटतं असली वाक्यं इंग्रजीतून वाचूच नयेत.

फक्त एका ठिकाणी मराठी फसवते. आपण 'झोपलेलं मूल' आरामात म्हणतो, पण 'दास गेश्लाफने किंड' चालत नाही, तिथे श्लाफेंडे लागतं, म्हणजे झोपत असलेलं. बसलेला माणूससुद्धा झिट्सेंडे. कर्म घेणारी क्रियापदं बहुतेक चालतात, आणि ज्यांचा भूतकाळ 'झाइन'ने ('असणे' हे क्रियापद) होतो त्यातली स्थिती बदलणारी. म्हणून 'आइनगेश्लाफने किंड' एकदम बरोबर, कारण ते झोपी गेलेलं आहे.